पाण्याखालची अक्षरं

जयवंती मेतरचं घर
बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून.
मागच्या भिंतीला बारा महिने घाम.
त्या ओलीवर तिनं काढलेला बांगडा
दरवर्षी फुगतो, पोपडे धरतो
आणि ती म्हणते, गाभोळी भरली बघ.

आमच्या वाडीत जे काही लिहिलेलं आहे
ते तिच्या हातचं.
होड्यांची नावं, नंबर, नाळीवरचे डोळे,
सोसायटीच्या डिझेलचा भाव,
‘येथे जाळी सुकत घालू नयेत’,
आणि त्याच्याखाली सुकणारी जाळी.
शाळेच्या भिंतीवरचं चार कप्प्यांचं हृदय,
त्यातला एक कप्पा तिनं
कालवाच्या शिंपल्यासारखा काढला,
गुरुजींनी चालवून घेतला.
मयताची वेळही तीच लिहायची,
फळ्यावर, खडूनं,
भरतीच्या वेळेशेजारी.

नारळी पुनवेआधी
झापांच्या मांडवात होड्या कललेल्या असायच्या.
ती गोणपाटावर उताणी शिरायची खाली,
काजूतेलाच्या वासात.
मी आठ वर्षांचा, हातात रंगाचा डबा.
“तिरको धरू नको रे.”
तळाच्या फळीवर ती बारीक काहीतरी लिहायची,
मला वाटायचं, हाही नंबरच.
“ह्या काय लिवतंस गो?”
“माशांका वाचूक.”
आणि वरून लाल रंगाचा हात, दोनदा.

मध्ये एकदा पुण्याला बोलावलं तिला.
चार चित्रं, एक शाल.
दालन पांढरं, गार,
आमच्या बर्फाच्या खोलीसारखं, फक्त मासळी नाही.
तिसऱ्या दिवशी परत.
विचारलं तर म्हणाली,
तिथं पश्चिम कुठं तेच कळेना.
चित्राचं तोंड करू कुणीकडे?

गेल्या वर्षी तांडेलांची ‘सातेरीप्रसाद’ मोडायला काढली.
कुऱ्हाडीआधी कुणीतरी रंग खरवडला.
लाल, काळा, लाल, मग जुना निळा,
आणि थराथरातून अक्षरं.

*दर्यानं माणूस ठेवून घेतला, सदरा दिला.
सदऱ्याला उसवण. शिवू कुणासाठी?*

दुसऱ्या फळीवर, वेगळ्या साली:

*आज सुरमई स्वस्त.
आज कुणी रडलं नाही.*

पुढची ओळ किड्यानं खाल्लेली.
मग सुकाणूजवळ, अगदी तळाला:

*पोर डबा तिरका धरतं.
सांडलेला निळा पुसला नाही,
तेवढाच समुद्र त्याच्या नावावर.*

मी ती फळी उलटी करून ठेवली.
का, ते विचारू नका.

बाकीच्या चुलीत गेल्या.
त्या आठवड्यात वाडीतले बांगडे
तिच्या ओळींवर भाजले गेले, चव नेहमीचीच.
दोन फळ्या ती स्वतः घेऊन गेली,
खुराड्याला दार केलं, अक्षरं आतल्या बाजूला.
“कोंबड्यांना वाचता येतं?”
“माशांका येय होता?”

आता होड्या फायबरच्या.
नावं कोल्हापुराहून छापून येतात, चिकटवायची.
तिच्याकडे उरल्या बर्फाच्या पेट्या,
दारांवरचे नंबर
आणि आमच्या कारखान्याची भिंत,
जिथं महिन्याच्या भरत्या-ओहोट्या लिहायच्या.
चष्मा दोरीनं बांधलेला,
स्टुलाचा एक पाय आखूड.

मी पावत्यांचं पुस्तक मिटून बाहेर येतो,
डबा धरतो.
वय त्रेचाळीस.
जरासा तिरका धरतो.

निळा सांडतो माझ्या चपलेवर, फरशीवर.
ती बघते.
काही बोलत नाही,
दशमीची वेळ लिहीत राहते.