वाऱ्याचा वेग

हर्णैला बर्फाच्या कारखान्यामागे
मच्छीमार सोसायटीच्या गोडाऊनवर एक खोली आहे.
तिथं मी बसते. पंखा, टेबल,
आणि पडद्यावर एकच पान बावीस वेळा.

बावीस यंत्रं. बहुतेक मी कधी हातात धरलेली नाहीत.
कुठल्याशा शहरात, गार खोलीत, ती रांगेनं उभी असतात म्हणे.
मी इथून बोट दाबते
आणि ती सगळी एकदम दाखवायला लागतात
डिझेलचं टोकन, बर्फाचा भाव, वाऱ्याचा वेग.
जवळपास सारखं.
ह्या 'जवळपास'चा मला पगार मिळतो.

एका ब्राउझरात मथळा दोन बोटं खाली.
एकात निळा जरा जास्तच निळा.
जुन्या विंडोजवर रकाना रकान्यावर चढलेला,
ओहोटीला होड्या कलतात ना एकमेकींवर, तसा.
मी फोटो काढते, तांबडी चौकट मारते, खाली लिहिते:
अपेक्षित असं.
दिसतं असं.

आईला एकदा समजावून सांगितलं.
ती म्हणाली, म्हणजे एकच पापलेट
सगळ्यांच्या ताटात सारखं दिसतंय का, ते बघायचं?
साधारण तसंच, मी म्हटलं.
नि ह्याचे पैसे कोण देतं गो?

काल रात्री बाविसावी चौकट हिरवी झाली.
पुण्याला निखिलेशला कळवलं: झालं.
सकाळी लिलावाच्या वेळेला खाली उतरले
तर धर्माजी तांडेल वाळूत उभा,
उन्हाला पाठ करून, फोन पोटाशी धरून.
ह्ये काय लिवलंय गं पोरी?

फोन सात वर्षांचा. काचेला तडा, तड्यात एक खवला.
अक्षरं एवढी मोठी केलेली की पडद्यावर चार शब्द मावतात;
मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर.
आणि 'वाऱ्याचा'मधला तो अर्धा र,
य च्या कानाशी कोयतीसारखा वाकून बसणारा,
तो नव्हताच.
त्याच्या जागी रिकामा चौकोन,
मग टिंबांचं एक वर्तुळ, जाळं सोडून आलेल्या बोयासारखं,
आणि त्याखाली नुसताच मोडलेला पाय.
कुणाचा, ते कळायला मार्ग नाही.

इथं वाऱ्याचा वेग आहे, तात्या, मी म्हटलं.
तो म्हणाला, वारा मला ठावं हाय.
मतलई हाय, दुपारी फिरंल.
मला टोकन पायजे.

'नोंदवा'चं बटण पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे गेलं होतं.
तीन दिवस तो कारकुनाला हाक मारत होता
आणि कारकून म्हणत होता, ऑनलाईन करा.
मी पान सरकवून बटण आत ओढलं, त्यानं दाबलं.
बोट ओलं. पुन्हा दाबलं.
मग माझ्या ओढणीला पुसून.

वर येऊन लिहिलं:
अपेक्षित: वाऱ्याचा वेग.
दिसतं: चौकोन, वर्तुळ, पाय.
उजेड: सकाळचे साडेनऊ, वाळूवरून उलटा येणारा.
डोळा: ऑपरेशनच्या आधीचा.
बोट: ओलं.
निखिलेशचा उलट निरोप आला,
ओलं बोट म्हणजे नेमकं कुठलं व्हर्जन?
त्याखाली हसरा चेहरा. त्याच्या यंत्रावर हसरा;
माझ्याकडे तोही चौकोनच आला.

मी परत खाली गेले. फोन दोन दिवस द्याल?
दोन दिवस नाय, धर्माजी म्हणाला.
पाणी चढंपर्यंत घे. मग होडी लोटायची.

तर तो आता टेबलावर आहे, माशाच्या वासासकट.
तेविसावा.
पंख्याखाली ठेवलाय, तरी गरम होतो.
फॉन्ट बदलला. चौकोन.
दुसरा लावला. चौकोन गेला, पाय तसाच.
तिसऱ्या फेरीला र थोडासा वाकल्यासारखा वाटतो, पण ती काचेची चीरही असू शकेल.
खिडकीतून दिसतं, पाणी सुकाणूला लागलंय.

तेवढ्यात फोन थरथरतो.
पान झाकून वर नाव येतं, पडदाभर:
बर्फवाला.
रफार आपल्या जागेवर, अगदी नीट.
उचलायचा की नाही, ते ठरेपर्यंत
मी तो रफार बघत राहते.