खारं पाणी, सुदामानगर

दर शनिवारी मी समुद्र कालवते.
न्हाणीघरात, वीस लिटरच्या बादलीत
सातशे ग्रॅम मीठ; स्वयंपाकातलं नव्हे,
डब्यातून येतं ते, सोन्यासारखं महाग.

पाणी नर्मदेचं.
निघाली होती ती भरूचकडे, आपल्या वाटेनं.
आम्ही जलूदला गाठलं, पंपांनी घाट चढवला,
इंदूरच्या नळात आणून सोडलं.
तिचा उरलेला रस्ता
मी बादलीत पुरा करते, प्लास्टिकच्या पळीनं ढवळत.

काटा एक पूर्णांक शून्य पंचवीसवर आला
की बोट बुडवून जिभेला लावते.
गरज नसते. पस्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
पोरांवर ह्याचसाठी ओरडले.

इदरीसभाईंनी घोड्यांचा कागद दाखवला होता:
जन्म टाकीत. पिढी तिसरी.
“दर्यातला पकडलेला मी विकणार नाही, मॅडम,
आणि तुम्ही घेऊ पण नका.”
म्हणजे यांनीही समुद्र पाहिलेला नाही.
यांनीही.
(मी उज्जैन, महू, देवास. एकदा नागपूर, लग्नाला.)

सोबतीला कोण, यावर महिनाभर खल.
क्लाउनफिश देखणा, पण पंगतीत सगळं आधी तोच ओढणार,
आणि हे घोडे तर घास समोर येऊनही
विचार करत बसतात.
डॅमसेल भांडकुदळ.
खेकडा एखाद्या रात्री शेपटी धरेल.
ॲनिमोनला नुसतं टेकलं तरी भाजतं.
शेवटी दोन गोबी, वाळूत तोंड खुपसून गप्प असणारे,
काचेवरच्या शेवाळाला सहा गोगलगाई,
आणि पाठीवर पांढरी रेघ असलेली लाल कोळंबी,
जिला सगळ्यांची साफसफाई केल्याशिवाय चैन पडत नाही.

“कौमुदीचं स्थळ बघताना इतकं नव्हतं पाहिलं,”
हे पेपरामागून म्हणाले.
नव्हतंच पाहिलं.
कौमुदी आता मधल्या खोलीत असते. दोन बॅगा, एक शिलाई मशीन.

फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी गोठवलेल्या कोळंबीच्या वड्या.
डब्यावर मी ‘औषध’ लिहिलंय, वन्संसाठी.

शेजारचा लहान बाकलीवाल येतो, काचेला नाक लावतो.
“आंटी, ये कुछ करता क्यों नहीं?”
करतो की. धरून बसतो.
प्लास्टिकच्या फांदीला, नळीला, गोगलगाईच्या शिंपल्याला,
आणि सकाळी दिवा लागला की
मादीच्या शेपटीला, पाच-सात मिनिटं, रंग बदलत.
मग दोघं आपापल्या कोपऱ्यात.

मे महिन्यात रात्री पावणेदोनला लाइट गेली.
पाणी सत्तावीस. मग अठ्ठावीस.
कौमुदी न बोलावता उठून आली,
बर्फाची एकेक बाटली टाकीत सोडू लागली,
मी पाण्यावर पुठ्ठ्यानं वारा घालत होते, हात भरून येईस्तोवर.
हे उठले. उभे राहिले. इन्व्हर्टरवरची
आपल्या पंख्याची वायर काढली
आणि टाकीच्या पंपाची लावली.
बनियन पिळून निघेल एवढा घाम, शब्द एक नाही.

पहाटे टॉर्चच्या उजेडात दिसलं:
नर वाकतोय, पोट आवळतोय,
आणि दर वेळी पाण्यात चिमूटभर जिरं उडतंय.
जिऱ्याला डोळे. जिऱ्याला शेपट्या.
लगेच एकमेकांत अडकणाऱ्या.

“हा बाप?” कौमुदीनं विचारलं.
हो.
टॉर्चची बॅटरी संपली तरी ती तिथंच उकिडवी बसून होती.

तीनशेतरी असतील. चौथ्या दिवशी नव्वद.
नंतर मी मोजायचं सोडलं, ती मोजते,
कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली.
आज आकडा सहा आहे.

या शनिवारी पळी तिच्या हातात.
काटा बघितला, बोट बुडवलं, चाखलं,
तोंड वाकडं केलं.
“आई, समुद्र असाच लागतो?”
काटा तर तसंच म्हणतो, बाई.