पाणसळ

तीन वर्षं हे घर कागदावरच राहिलं.
सनद, नकाशा, पंचायतीचा परवाना,
शेजाऱ्याची हरकत, हरकतीवर खुलासा,
आणि खुलाशावर शिक्का मारणारा कारकून रजेवर.
बांबोळीची रात्रपाळी संपवून
मी कदंबा धरायची, डिचोलीला उतरायची,
खिडकीपलीकडून कोणीतरी म्हणायचं,
"सिस्टर, सोमवारी या."
नुसत्या सोमवारांची एक भिंत उभी राहिली असती.

जागा कुडण्यातली, तीनशे मीटर,
भाटकाराच्या काजूंच्या कडेला.
बाबा मुंडकार. पन्नास वर्षं राहिले इथे,
पण विचारल्याशिवाय मातीच्या भिंतीत
कधी खिळा ठोकला नाही.

चिरे आले तेव्हा मी एकेक मोजून घेतला.
ड्रायव्हर हसला, "बाई, हजार म्हणजे हजार."
नऊशे ब्याऐंशी भरले.
संध्याकाळी तो अठरा चिरे टाकून गेला, काही न बोलता.
पुढच्या खेपेपासून मला मालकीण म्हणायला लागला.

हणमंतप्पा गवंडी गदगचा.
त्याचं मराठी तोडकं, माझं कन्नड शून्य,
आमच्या मधे पाण्याने भरलेली एक पारदर्शक नळी.
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
सलाईनची नळी मी तेवीस वर्षं धरली आहे,
ही धरताना हात थरथरला.
दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की तो मान हलवायचा,
आणि जगात खोटं बोलता न येणारी
निदान एक वस्तू आहे
म्हणून मला बरं वाटायचं.

स्वयंपाकघराची खिडकी मला विहिरीकडे हवी होती.
इंजिनिअरने ती संडासाकडे काढली होती,
आणि मी नकाशा उलटा धरून बघत आले होते इतके दिवस.
भिंत खांद्यापर्यंत आल्यावर कळलं.
फोडली.
अकरा हजार, दोन दिवस,
वर भावाचं "मी सांगत होतो".

इनास मेस्त चौकट देतो म्हणून गेला
तो नाताळ उलटल्यावर उगवला.
फणसाची चौकट, सांध्यात नख शिरणार नाही अशी.
त्याला काय काय ऐकवायचं ते पाठ करून ठेवलं होतं,
पण त्या सांध्यावरून बोट फिरवलं
आणि म्हटलं, चहा घेणार?

स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारलं,
ड्यूटीला जाण्याआधी, अंधारात, पाइप खांद्यावर घेऊन.
ओल टिकवायची, ताप सावकाश उतरू द्यायचा,
एवढं एकच काम मला आधीपासून येत होतं.

पीएफ संपला. सोसायटीचं कर्जही संपलं,
म्हणजे खर्च झालं; फेडणं चालू आहे.
मागची खोली गिलाव्याविना राहिली.
तिथल्या उघड्या चिऱ्याच्या एका भोकात
कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं,
एका दुपारी, परवान्याशिवाय.
मी बघत बसले. थोडा हेवाही वाटला.

पंचायतीने पत्र्यावर नंबर लिहून दिला, ४१७/ब.
४१७ भाटकाराचं.
तो "ब" मला आठवडाभर टोचला.
मग एका रात्री, एकटी असताना,
कोणाला न विचारता पुढच्या भिंतीत खिळा ठोकला.
टांगायला काही नव्हतं.
अजूनही त्यावर काही टांगलेलं नाही.

एवढी पाण्याची नळी धरूनही
जमीन कुठेतरी चुकलीच.
ओट्यावरून लिंबू पडलं की
ते घरंगळत उंबऱ्याशी जातं,
तिथून डावीकडे, पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात.
हणमंतप्पाला फोनवर सांगितलं तर म्हणाला,
"अर्धा इंच. पाणी भरून दावू का?"
नको म्हटलं.
वाकून, न बघता, हात घालते मी त्या कोपऱ्यात.
लिंबू असतं.