गंधकाची वात

खारेवाड्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात
बाबांनी एकतीस वर्षं दुसरा संसार केला,
असं आई म्हणायची, मासळी साफ करता करता.
त्या दुसरीला रंग नाही.
नळ्यांतून फिरते, डब्यांतलं पाणी गोठवते,
बिनसलं की थेट डोळ्यांत घुसते.
अमोनिया म्हणताना बाबा पहिलं अक्षर गिळायचे.
मोनिया.
शेजारणीला हाक मारावी तसं.

पहाटे तीनला ट्रॉलर धक्क्याला लागायचे,
बर्फ फोडणारं यंत्र दातओठ खायचं,
आणि बाबा गंधकाची वात पेटवून
एकेका सांध्यापाशी नेत.
गळत असेल तिथे वातीचा धूर
नासलेल्या दुधासारखा पांढरा, दाट होई.
मग पाना. बोलणं नाही.

आता तीच मोनिया माझ्या टेबलावर,
फाइलीत, नकाशात, उणे तेहतीस अंशांवर.
बंदराच्या टोकाला टाकी, गोदीपर्यंत नळी,
आणि समुद्रापलीकडून आलेले पाहुणे
तिला 'हिरवी' म्हणतात.
उन्हाच्या विजेनं पाणी फोडायचं,
त्यातल्या हायड्रोजनची हवेतल्या नायट्रोजनशी गाठ मारायची,
थंड करून जहाजात भरायचं.
जहाजही तिच्यावरच चालेल म्हणे,
मागे काळा धूर न सोडता.
मी सुरक्षा अधिकारी.
वारा कुठून कुठे जातो, एवढं बघायचा मला पगार.

सड्यावर आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर
अजून बोटानं लिहिता येतं, कोळशाच्या पुडीत.
धाकटीनं तिथे साताचा पाढा लिहिला होता.
सात नवे चौसष्ट.
चूक दाखवायला गेले, बोट काळं झालं.
म्हणून मला ही मोनिया हवी आहे.
ते आधीच सांगून टाकते.

चिखलीला मांडवात सभा भरली.
पडद्यावर ऊन होतं, मांडवात त्याहून जास्त.
पहिली उठली पिएदाद, पाटी खुर्चीखाली सरकवून:
"गळ्ळें जाल्यार नुस्तें मरतलें?"
हो, म्हटलं. खाडीत गेलं तर मरेल.
दुभाष्यानं माझं वाक्य
पाहुण्यांसाठी जरा छोटं केलं.

मग वेळगेकर मास्तर, डिचोलीहून दोन बस बदलून आलेले.
"आमची लाल माती बार्जीतून गेली," म्हणाले,
"जाताना खड्डा ठेवून गेली.
त्यात आता निळं पाणी आहे. कोणी उतरत नाही.
ऊन नेल्यावर काय ठेवून जाणार?"

उन्हाचा खड्डा पडत नाही, मास्तर,
हे ओठांपर्यंत आलं होतं.
पण पाणी फोडायचं होतं ना?
कुठलं पाणी?
फाइलीत त्या रकान्यात एकच शब्द होता, 'उपलब्ध'.
आमच्या नळाला एक दिवसाआड येतं,
तेही पहाटे, घागर लावून जागं राहिलं तर.
मी विचारलं. माझ्याच माइकवरून, माझ्याच साहेबांना.
खुर्च्या करकरल्या.
उत्तर लेखी देण्याचं ठरलं.
चहा आला.

घरी बाबा बाल्कांवात बसलेले.
त्यांचं नाक गेलंय आता,
फोडणी करपली तरी कळत नाही.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले,
"मोनिया खोटं बोलत नाही गो.
गळली की तिथल्या तिथे सांगते.
लेखी देत नाही."
आणि आत जाऊन बिस्किटांचा डबा आणला.
आत नऊ वाती, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
आता सेन्सर असतात, बाबा.
"असूं दी."

डबा ऑफिसात आहे, फाइलीवर, वजन म्हणून.
लेखी उत्तर आलेलं नाही.
खिडकीतून वाऱ्याची झोळी दिसते,
आज टम्म फुगलेली,
तोंड समुद्राकडे,
शेपूट सड्याच्या वस्तीकडे.