बद्द

कौल ठोकून बघायचं ते बोटाच्या पेरानं,
मधलं बोट वाकवून, फार जोरात नाही.
खण् वाजलं तर पक्कं.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी तडा,
डोळ्यांना दिसो न दिसो.
खानापूरच्या भट्टीवर एकतीस वर्षं हेच केलं.
बायको म्हणायची, झोपेतसुद्धा माझी पाठ ठोकता तुम्ही.

शमुवेल धाकटा. त्याच्या किडन्या गेल्या
तेव्हा आठवड्यातनं तीनदा बेळगाव.
सकाळची पॅसेंजर, देसूरला क्रॉसिंग,
डब्यात बिनमिठाची आमटी,
मांडीवर पिशवीत रिपोर्ट.
अकरा महिने मी गाडीत प्रार्थना केली.
मराठीत केली.
मग वाटलं, इथला कारभार कन्नडातनं चालतो,
अर्जसुद्धा कन्नडात लागतो,
म्हणून कन्नडातही केली.
हसू नका. माणूस काय काय करतो.

विश्वासाला तिकडं नंबिके म्हणतात.
संशयाला मात्र संशयच.
सीमेच्या दोन्ही अंगांना
तेवढा एक शब्द कपडे न बदलता फिरतो,
त्याच्या पाटीला कुणी काळं फासत नाही.

शमुवेल गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी
पास्टर अंगणात खुर्चीवर बसून म्हणाले,
कुठंतरी विश्वास कमी पडला असणार.
कप खाली ठेवताना थोडा चहा बशीत सांडला.
मी काय बोललो नाही.
खरं त्या रात्री स्वतःच्या छातीवर पेर आपटून बघितलं.
बद्द.

चर्चची किल्ली अजून माझ्याकडंच आहे,
दुसरं कुणी घेत नाही म्हणून.
रविवारी सातला दार उघडतो, बाकं पुसतो,
गीतांचे नंबर फळीवर लावतो,
आणि सगळे डोळे मिटतात तेव्हा
मी उघडे ठेवतो.
सुकुमारी टीचरच्या पापण्या थरथरतात.
इम्मानुएलचा पोरगा बोटांनी शर्टाची बटणं मोजतो.
एकदा तर पास्टरच, आशीर्वाद देता देता,
डोळे किलकिले करून छताकडं बघत होते.
आमची नजरानजर झाली.
दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये कौलं परतायला मीच चढलो.
वय अडुसष्ट. प्रेमलीला खाली शिडी धरून
मला आणि देवाला, दोघांनाही बोल लावत होती.
एकेक उचललं, ठोकलं, ऐकलं.
वेदीच्या वरच्या ओळीत एकावर
ओल्या मातीत रुतलेला अंगठा निघाला,
भाजून पक्का झालेला, रेषांसकट.
माझा ठेवून बघितला. बसला नाही.
माझ्यापेक्षा बारीक. बाईचा असेल, नाहीतर पोराचा.
कुणीतरी हातात धरलं होतं, हे कळलं.
कुणी, ते नाही कळलं.
ते एक कौल मी ठोकलं नाही.
होतं तसं ठेवलं.

ठोकत राहा, उघडेल, असं सांगतात.
मी आयुष्यभर ठोकतच आलो,
खरं दार उघडावं म्हणून नव्हे,
आवाज ऐकायला.
हे पण ठोकणंच की.

बद्द कौल आम्ही कधी फेकून दिलं नाही.
गोठ्यावर जातं, न्हाणीवर जातं,
तडा घेऊन वर्षानुवर्षं पाणी अडवतं.
तसलं एक निघालं वरती.
बाजूला ठेवलं. खाली उतरायच्या वेळी
परत हातात घेतलं, आणि लावलं
डावीकडच्या तिसऱ्या बाकाच्या बरोबर वर.
तिथं शमुवेल बसायचा.
आता मी बसतो.

आषाढात बघूया.
गळलं तर माझ्याच डोक्यावर गळेल.