ठोकून बघणारे

सतरा वर्षं उद्यमबागेत
थंड झालेल्या कास्टिंगवर हातोडी मारत होतो.
माल धड असेल तर वाजतो,
पितळी तांब्या फरशीवर पडावा तसा, जरा लांबवर.
आत पोकळी असेल, तडा असेल,
तर आवाज तिथंच बसतो,
ओल्या पोत्यावर बसल्यासारखा.
मी खडूनं फुली मारायचो. एवढंच काम.

मग भट्टी बंद झाली.
हिशेबाच्या पाकिटाबरोबर
हातोडी घेऊन निघालो, कुणी अडवलं नाही.

मेहुणा म्हणाला, भावजी, जागांच्या धंद्यात या,
ह्यात भांडवल म्हणजे तोंड.
कार्ड छापलं: नागोजी मण्णूरकर.
एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड,
इंग्रजी नंबरापुरतं.
प्रिंटरनं कन्नडातला ‘ण्ण’ एकेरी टाकला.
पाचशे कार्डं. तशीच वाटली.

सात महिने
मी लोकांना घरं दाखवली आणि लोकांनी मला पाठ.
पहाणी, खाता, एन.ए.चा कागद,
रात्री जेवण झालं की पाढ्यांसारखं घोकायचो.
बायको भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकत म्हणायची,
"पाठ झालं, खरं विकलं काय?"

तोंड मला नव्हतंच.
अनगोळच्या एका नव्या घरात
मालक खिडकीतून शेजारचा नारळ दाखवत होता,
जसा काही तोही भावात धरलाय.
नीलव्वा तल्लूर, पेन्शनीची सगळी पुंजी घेऊन आलेल्या,
मला विचारत होत्या, "मनी हेंग ऐती?"
आणि माझा हात आपसूक पिशवीत गेला.
टक्. टक्. टक्.
चौथ्या फरशीला आवाज बसला.
पाचव्या, सहाव्या, थेट देवघरापर्यंत.

"खाली पोकळ हाय," मी म्हणालो, मराठीतच.
भाषांतर करावं लागलं नाही.
त्यांनी वाकून बोटाच्या पेरानं स्वतः वाजवून बघितलं.
मालकानं मला फाटकाबाहेर काढलं.
मेहुण्यानं फोनवर जे म्हटलं, ते इथं लिहीत नाही.

दोन महिन्यांनी नीलव्वांच्या पुतण्याचा फोन:
"ते ठोकून बघणारे तुम्हीच काय ओ?"
मग पुतण्याचा सासरा. मग वडगावचा एक मागवाला.
मग हिंडलग्याची नर्स, जिला जिन्याखालची ओल
माझ्याआधी वासानंच कळली होती.
मी भिंतीला कान लावतो,
लोक श्वास धरून उभे राहतात,
जणू मी डॉक्टर आणि घर पोटुशी.

आता कार्डावर ‘ण्ण’ बरोबर आहे.
बायकोनं फ्रिज घेतला;
त्याला हातोडी लावायची नाही अशी ताकीद आहे.
‘ठोकणारा एजंट’ म्हणतात मागं.
दोन्ही अर्थांनी म्हणतात, मला माहीत आहे.

काल आमच्या फौंड्रीचीच जागा दाखवायची होती.
चौदा गुंठे, रस्त्याला लागून.
कमिशन सांगितलं तर नजर लागेल.
हुबळीची पार्टी, पांढरे बूट,
क्रेनच्या गंजक्या रुळाखाली उभं राहून हसत म्हणाली,
"हं, वाजवा."

मातीला हातोडी कशी मारणार.
आणि गरजही नव्हती.
तपासणीत यायच्या आधीची पाच वर्षं, रात्रपाळीला,
भट्टीची जळकी वाळू गाडे भरभरून
मागच्या खड्ड्यात ओतणाऱ्यांत
मी होतो.
वर आता टणटणी माजली आहे, फुलं सुद्धा आलीत.

एवढी गोष्ट गिळायला एक आवंढा पुरतो.
मेहुणा गेटापाशी उभा, नुसता माझ्याकडं बघत.

"मागची बाजू भरावाची हाय," मी म्हणालो,
"पाया धरणार न्हाई."
त्यानं बुटाच्या टोकानं माती उकरली.
काळी निघाली.
बूटही काळा झाला.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
"किती फूट?"
"आठ. खरं कोपऱ्यात बारा."
"आणि भाव?"