क्षमता क्रमांक सात

आईने मला तीनदा कामावरून काढलं,
स्वयंपाकघरात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून.

डलूथ, जानेवारी. खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर,
टेबलावर तिच्या एमबीएचा तक्ता :
तास नाहीत, वर्ग नाहीत, घंटा नाही,
जे येतं ते दाखवा आणि पुढे जा.
सहा चौकोन तिने एका हिवाळ्यात भरले.
सत्तावीस वर्षं धक्क्यावर धान्य मोजणाऱ्या बाईला
ताळेबंद काय शिकवायचा?

सातवा अडला. 'अवघड संभाषण'.
तिने लिहून पाठवलं होतं कंगासबद्दल,
ट्रकच्या पायरीवर त्याच्या शेजारी बसून
कसं सांगितलं, की सोमवारपासून येऊ नकोस.
उत्तर आलं : पुरावा अपुरा. व्हिडिओ जोडा.

म्हणून मी झालो कंगास.
पहिल्यांदा मला हसू फुटलं.
दुसऱ्यांदा मध्येच फ्रिज घरघरला.
तिसऱ्यांदा ती सगळं नीट बोलली,
डोळ्यांत बघून, आधी कारण, मग मुदत, मग मदत.
मी मान डोलावली, पढवल्यासारखी.

शुक्रवारी निकाल : क्षमता सिद्ध.
मी केक आणला. तिने मेणबत्ती लावू दिली नाही.

"त्या दिवशी मला काहीच धड बोलता आलं नव्हतं,"
ती सुरीला लागलेलं क्रीम पुसत म्हणाली.
"त्याचा डबा मांडीवर उघडा होता.
त्याने अर्धं सँडविच माझ्या हातात ठेवलं
आणि मी ते खाल्लं."